समाधानाची साक्ष

दसऱ्याला हत्यारांची पूजा करायची आमच्या घरची जुनी चाल आहे. हत्यार म्हणजे काही तलवार नव्हे. वडील आपले फाउंटनपेन आणि जमाखर्चाची वही पाटावर मांडीत. आई विळी आणि शिवणयंत्र पुसून त्यांना हळदकुंकू लावी. यंदा त्याच पाटावर माझा नवा लॅपटॉप होता. झाकणावर झेंडूचे फूल ठेवले, हात जोडले, आणि हात जोडता जोडता मनात आले, की या यंत्राविषयी गेले पाच महिने आपण एक खोटी साक्ष देत आलो आहोत. नेमक्या देवापुढेच अशा गोष्टी का आठवतात, कोण जाणे!

माझे काम लिहिण्याचे आणि मुद्रिते तपासण्याचे. जुना लॅपटॉप नऊ वर्षांचा झाला होता. त्याच्या पोटात मिनिटाला ५,४०० फेरे घेणारी एक तबकडी होती, आणि हवी ती माहिती कुठे आहे ते शोधत एक इवलासा दांडा तिच्यावरून मागेपुढे धावे. एकेका शोधाला सेकंदाचा शंभरावा हिस्सा, किंवा थोडा अधिक, लागायचा. ऐकायला हे अगदीच किरकोळ वाटते. पण यंत्र जागे होताना असे हजारो शोध घ्यावे लागतात. त्यामुळे सकाळी बटण दाबून मी चहाचे आधण ठेवी, आणि चहा गाळून आणला तरी पडद्यावरचे ते चक्र आपले फिरतच असे.

अक्षय्य तृतीयेला ५२,००० रुपये मोजून नवा लॅपटॉप घरी आणला. त्यात फिरणारे असे काहीच नाही. सारा साठा चिपांमध्ये, आणि एका शोधाला लागणारा वेळ जुन्याच्या शतांशाहूनही कमी. बटण दाबले, की बारा-पंधरा सेकंदांत स्वारी हजर! पहिले आठ दिवस मी तो नुसता बंद करून पुन्हा सुरू करीत बसे. शेवटी पत्नी म्हणाली, “अहो, त्या बिचाऱ्याला जरा झोपू तरी द्या!”

नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते खोटे नाही. दहाव्या दिवसापासून मला एकेक गोष्ट दिसू लागली. दोन-तीन कामे एकदम काढली, की त्याचा पंखा घोंघावू लागे आणि बूड असे तापे, की मांडीवर उशी घ्यावी लागे. अशा वेळी त्याची गतीही मंदावे. हे का होते, ते मी वाचून काढले. चिप एका मर्यादेपलीकडे तापली, की जळून जाऊ नये म्हणून ती आपण होऊनच आपला वेग कमी करते. आणि यंत्र जितके पातळ, तितकी आतली उष्णता बाहेर काढायला वाट कमी. म्हणजे ज्या सडपातळपणावर मी भाळलो होतो, तेच त्याचे दुखणे होते. दुसरी गोष्ट कळली ती बारीक अक्षरांतला मजकूर वाचताना. त्याची आठ जीबी मेमरी भांड्याला डाक देतात तशी आतल्या पाटीलाच कायमची जोडून टाकलेली होती. उद्या गरज पडली, तरी तीत भर घालता येणार नव्हती.

हे सारे मला ठाऊक होते. पण कोणी विचारले, “काय, कसा आहे नवा लॅपटॉप?” तर माझ्या तोंडून एकच उत्तर निघे : “छान आहे!”

जुलैमध्ये शेजारच्या वहिनींनी विचारले. वहिनी जेवणाचे डबे करून देतात. पहाटे चारला त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लागतो, आणि सकाळी आठापर्यंत पंचवीस डबे दारात ओळीने उभे असतात. त्यांची मुलगी वास्तुशास्त्राच्या महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. वहिनींची भिशी लागली होती.

“भाऊजी, तुमचा तो लॅपटॉप कसा आहे हो? पोरीला घ्यायचाय.”

“उत्तम आहे, वहिनी. डोळे मिटून घ्या.”

त्यांनी खरोखरच डोळे मिटून घेतला. ज्याला डोळे होते, त्याने ते मिटायला सांगितले होते!

पुढे काय झाले ते वाचकांनी ओळखलेच असेल. त्या मुलीला इमारतींचे आराखडे काढावे लागतात, आणि मग त्यांच्यावर भिंतींचा पोत, उजेड, सावल्या असे सारे चढवून दाखवावे लागते. पडद्यावर सावलीचा एक तुकडा खरा दिसावा म्हणून यंत्राला अफाट आकडेमोड करावी लागते. माझ्या अग्रलेखांना आणि मुद्रितांना पुरून उरणारे ते यंत्र या कामाखाली धापा टाकू लागले. सप्टेंबरमध्ये काम दाखल करायच्या आदल्या रात्री ते इतके मंदावले, की अकरा वाजता वहिनी मुलीला स्कूटरवर बसवून तिच्या मैत्रिणीकडे घेऊन गेल्या, आणि पहाटे चारला परत येऊन त्यांनी कणीक भिजवली. हे मला कळले ते दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तेही सहज बोलता बोलता. मी मुलीला म्हणालो, “अगं, मला तर फार छान वाटला होता तो.”

ती शांतपणे म्हणाली, “काका, तुमच्या कामाला तो छानच आहे.”

तिच्या बोलण्यात राग मुळीच नव्हता, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले. मी ज्या वाक्यातला अर्धा भाग गिळला होता, तो तिने परत जागेवर ठेवला होता.

मी खोटे बोललो होतो काय? शब्दाला धरून पाहिले, तर नाही. मी खरोखरच समाधानी होतो. पण हे समाधान आले कुठून, असा प्रश्न मी स्वतःला कधी केला नव्हता. १९५६ साली जॅक ब्रेहम या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक गमतीचा प्रयोग केला. त्याने काही स्त्रियांना टोस्टर, रेडिओ अशा घरगुती उपयोगाच्या वस्तू दाखवल्या आणि कोणती वस्तू किती हवीशी वाटते, ते गुण देऊन सांगायला लावले. मग त्यांतल्या दोन वस्तू पुढे ठेवून म्हटले, यांतली एक भेट म्हणून निवडा. निवड झाल्यावर पुन्हा गुण मागितले. निवडलेल्या वस्तूचे गुण वाढले होते, नाकारलेलीचे घटले होते! वस्तू त्याच होत्या. वापर तर अजून सुरूही झाला नव्हता. पुढच्याच वर्षी दुसऱ्या काही संशोधकांना आढळले, की नवी मोटार घेतलेली माणसे घेतल्यानंतर इतर मोटारींपेक्षा आपल्याच मोटारीच्या जाहिराती अधिक वाचतात. पैसे तर देऊन झालेले असतात. मग जाहिरात कशाला वाचायची? आपण शहाणपणाने वागलो, हे कोणीतरी सांगावे म्हणून! आपल्याकडे एवढा खटाटोप न करताच हे सूत्र सापडले होते : आपला तो बाब्या.

तेव्हा ‘छान आहे’ असे मी म्हणत होतो, त्यात लॅपटॉपचे वर्णन थोडे आणि माझ्या ५२,००० रुपयांचे सांत्वन फार होते.

शिवाय ‘चांगले चालते’ या शब्दांना, कशासाठी चालते हे सांगितल्यावाचून, अर्थच नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला टिफ्रॅक हा संगणक १९६० साली कामाला लागला. त्यात २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि त्याच्या मेमरीत चाळीस बिटांचे २,०४८ शब्द मावत. हिशेब करून पाहिले, तर माझ्या लॅपटॉपची मेमरी त्याच्या आठ लाखपटींहून अधिक भरते. तरी शास्त्रज्ञ त्याच्यासमोर आपली गणिते घेऊन जात, आणि ती सुटत. त्या कामाला ते यंत्र पुरेसे होते. इकडे आठ लाखपट मोठे यंत्र एका मुलीच्या एका रात्रीच्या कामाला अपुरे पडले. आकडा यंत्राचा असतो. पुरेसेपणा मात्र काम आणि यंत्र यांच्या नात्यात असतो. वहिनींनी विचारले होते ते त्या नात्याविषयी. मी उत्तर दिले माझ्या मनाविषयी.

आपल्या न्यायदर्शनाने ज्ञानाची चार प्रमाणे मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे सांगणे. मराठीत आप्त म्हणजे नातलग. तेथे मात्र तो अर्थ नाही. भाष्यकार वात्स्यायनाच्या मते ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे, आणि जशी जाणली तशीच ती सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो वा म्लेंच्छ. यांतली पहिली अट मी पुरी करीत होतो. वस्तू पाच महिने माझ्या मांडीवर होती. अडखळलो ते दुसऱ्या अटीशी. ‘जशी जाणली तशी सांगण्याची इच्छा’, एवढी साधी दिसणारी ही गोष्ट! पण मालकी आली, की नेमकी तीच इच्छा पातळ होते. म्हणून ज्याच्याकडे वस्तू आहे त्यालाच आपण विचारायला जातो, आणि जिच्याविषयी खरे सांगणे जड जावे, अशी वस्तूही त्याच्याचकडे असते.

यावर कोणी म्हणेल, मग काय येणाऱ्याजाणाऱ्याला दोषच सांगत सुटायचे? छे! येत्या चार दिवसांत आपण घरोघरी फराळाला जाणार आहोत. कुठेतरी चकली मऊ पडलेली असेल, अनारसा विरलेला असेल. घरची माउली विचारील, “कशी झालीय?” आणि आपण म्हणू, “वा, छान!” तसेच म्हणावे. तेथे तिला चकलीचा अहवाल नको असतो. आपण आलात आणि खाल्लेत, याचा आनंद हवा असतो. पण त्याच घरातली सून उद्या चकल्यांची ऑर्डर घ्यायला निघाली आणि तिने तोच प्रश्न केला, तर ‘छान’ म्हणणे हा अपराध होईल. प्रश्नाचे शब्द तेच असतात. पण विचारणारा त्या उत्तरावर काय ठेवणार आहे, ते पाहावे लागते. मनाचा आनंद ठेवणार असेल, तर गोड बोलावे. कष्टाचा पैसा ठेवणार असेल, तर खरे बोलावे.

दसऱ्याच्या संध्याकाळी सोने द्यायला वहिनींकडे गेलो. आपट्याची पाने हातात ठेवली आणि सांगून टाकले, “वहिनी, तो तापतो हे मला तेव्हाच माहीत होतं. मेमरी वाढत नाही, हेही माहीत होतं. मी बोललो नाही.”

त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, “बोलला असता, तर दुसरा घेतला असता. एवढंच.” आणि पुढे स्वतःच हसून म्हणाल्या, “पण खरं सांगू का भाऊजी? परवा माझ्या जावेनं विचारलं, तेव्हा मीही ‘छान आहे’ म्हटलं.”

“का बरं?”

“घेतलाय ना आता!”

त्या तीन शब्दांपुढे मानसशास्त्राचे ग्रंथ मिटून ठेवावेत, असे मला वाटले. रात्र त्यांनी जागून काढली, आणि साक्ष त्याही माझ्याच बाजूने देत होत्या. एका घराचे समाधान दुसऱ्या घरात खोटी साक्ष होऊन शिरते, ते असे. आणि प्रत्येक दारी बोलणारा माणूस भलाच असतो.

तो लॅपटॉप आम्ही विकला. हिशेब लिहिण्यासाठी हवा होता अशा एका गृहस्थांना, तो तापतो आणि त्याची मेमरी वाढत नाही, हे दोन्ही आधी सांगून दिला. साहजिकच किंमत कमी आली. तूट मी भरतो म्हणालो, तर वहिनींनी अर्धीच भरू दिली. म्हणाल्या, “कशाकशाला चालेल, हे विचारायचं काम माझं होतं.” कामाचे दोन वाटे त्यांनी इतक्या सहजपणे केले, की जणू पंचविसातला एखादा डबाच भरत होत्या.

माझा लॅपटॉप माझ्याकडेच आहे. आता कोणी विचारले, तर मी आधी उलट विचारतो, “कशासाठी हवाय?” मग सांगतो : लिहिण्यावाचण्याला चांगला, सुरू व्हायला चटपटीत, जड कामाला नको, मांडीवर घ्यायचा तर उशी ठेवा. पहिल्यांदा असे सांगताना जीभ अडखळली. आपल्याच घरचे उणे चव्हाट्यावर मांडतो आहोत, असे वाटले. पण एक नवल घडले. दोष मोठ्याने सांगितल्यापासून माझे त्याच्याविषयीचे समाधान उणावले नाही. उलट, पूर्वी त्याला सारखा टेकू द्यावा लागे. कोणी दुसऱ्या लॅपटॉपची स्तुती केली, की मी अस्वस्थ होई. आता तसे होत नाही. ज्याचे दोष ठाऊक आहेत आणि तरीही जे आपल्याला पुरते, त्याच्याशी माणूस निवांतपणे नांदू शकतो.

हा लेख त्याच्यावरच लिहिला. शेवटच्या पानाशी येईतो पंखा एकदाही घोंघावला नाही. पाटावरचे झेंडूचे फूल सुकून गेले आहे, ते अजून झाकणावरून काढलेले नाही.