निवडीखालची सही

ध्वनिमुद्रिका प्रकाशित करणाऱ्या संस्थेला संगीतव्यवसायात ‘लेबल’ म्हणतात, कारण तबकडीच्या मध्यभागी चिकटवलेल्या गोल कागदावर तिचे नाव छापलेले असते. अशा संस्थेने अनेक कलावंतांच्या सुट्या रचना एकत्र करून काढलेली ध्वनिमुद्रिका म्हणजे संकलन. व्यापाराच्या हिशेबात संकलन हा बहुधा दुय्यम माल समजला जातो. एका कलावंताच्या संपूर्ण ध्वनिमुद्रिकेला जी प्रतिष्ठा मिळते ती त्याच्या वाट्याला क्वचितच येते. तथापि हिपहॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीत या दोन प्रवाहांचा गेल्या चार दशकांचा इतिहास तपासला, तर अनेक शैलींना नाव, सीमा आणि श्रोते या दुय्यम मालानेच मिळवून दिले असे दिसते. एखाद्या शैलीचा नमुना म्हणून जे श्रोत्याच्या हाती पडले, त्यातूनच ती शैली पुष्कळ अंशी घडत गेली.

याचे मूळ अंडरग्राउंड संगीताच्या अर्थव्यवहारात आहे. मोठ्या कंपन्या, आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी यांच्या पाठबळाविना, थोड्या भांडवलावर निघणारे आणि जाणकारांच्या वर्तुळात फिरणारे संगीत, एवढाच येथे ‘अंडरग्राउंड’ या शब्दाचा अर्थ आहे. असे संगीत प्रामुख्याने बारा इंची ‘सिंगल’च्या रूपाने निघे. एका बाजूवर एकदोनच रचना घेतल्यामुळे खोबणी रुंद कोरता येते आणि खर्जाचा नाद भरदार उमटतो, म्हणून ही तबकडी डीजेंना, म्हणजे तबकड्या निवडून त्या एकमेकींत मिसळत वाजवणाऱ्यांना, सोयीची होती. तिच्या प्रती थोड्या, त्या ठेवणारी दुकाने मोजकी, आणि एकच माणूस तीनचार टोपणनावांनी वावरत असल्यामुळे कोणती रचना कोणाची हे ओळखणेही अवघड, अशा स्थितीत घरी बसून ऐकणाऱ्याला या संगीतात शिरण्याची वाट जवळपास नव्हतीच. ती वाट संकलनाने पाडली. पण वाट पाडणारा आपल्याला हवी ती दिशा धरतो, आणि मागून येणाऱ्यांना तीच एकमेव दिशा वाटू लागते.

हिपहॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीत हे आज वेगळे मानले जाणारे प्रवाह आरंभी किती एकजीव होते, हे ब्रिटनमधील एका संकलनमालेवरून कळते. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील आफ्रिका बंबाटाने 1982 मध्ये ‘प्लॅनेट रॉक’ ही रचना प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यात जर्मनीच्या क्राफ्टवेर्क या गटाच्या सुरावटीचा आणि तालाचा आधार घेतलेला होता आणि ठोके होते रोलँड कंपनीच्या टीआर-808 या तालयंत्राचे. यंत्राच्या तालावर उभ्या राहिलेल्या या हिपहॉपला ‘इलेक्ट्रो’ हे नाव पडले. अमेरिकेतून येणाऱ्या अशा तबकड्या ब्रिटनमधील शाळकरी मुलांच्या खिशाला परवडण्याजोग्या नव्हत्या. मॉर्गन खान यांच्या स्ट्रीट साउंड्स या लेबलने 1983 पासून ‘इलेक्ट्रो’ ही माला काढून निवडक रचना एकाच तबकडीवर, खंड न पाडता एकमेकींत गुंफून दिल्या. ज्या पिढीने हे ऐकले, तिच्या कानांना रॅप आणि यंत्रध्वनी यांच्यामधली भिंत ठाऊकच नव्हती. पुढे अमूर्त, गणिती वाटणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रचनांसाठी नावाजलेल्या ऑटेकर या इंग्लिश जोडीचा पिंडही हिपहॉप आणि इलेक्ट्रोवरच पोसलेला होता.

संकलनाने केवळ प्रसार होतो असे नाही, नामकरणही होते, हे 1988 मध्ये दिसून आले. मोटार-उद्योगाच्या ओहोटीने खिळखिळ्या झालेल्या डेट्रॉइट शहराच्या परिसरात हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन हे कृष्णवर्णीय तरुण स्वतःची छोटी लेबले काढून नृत्यसंगीत रचत होते. त्याच सुमारास शिकागोतील ‘हाउस’ हे नृत्यसंगीत ब्रिटनमध्ये लोकप्रिय झाले होते. नील रश्टन यांनी व्हर्जिन कंपनीच्या टेन रेकॉर्ड्स या शाखेसाठी डेट्रॉइटच्या रचनांचे संकलन हाती घेतले, तेव्हा त्याचे योजलेले नाव ‘द हाउस साउंड ऑफ डेट्रॉइट’ असे, म्हणजे शिकागोच्या कीर्तीची पुरवणी शोभेल असे होते. ॲटकिन्स यांनी संकलनासाठी दिलेल्या रचनेच्या नावात मात्र ‘टेक्नो’ हा शब्द होता. अखेर ‘टेक्नो! द न्यू डान्स साउंड ऑफ डेट्रॉइट’ हे नाव ठरले आणि शेजारच्या शहराची शाखा म्हणून ओळखले गेले असते ते संगीत स्वतंत्र कुळ म्हणून जगापुढे आले. कलावंताच्या मनातला शब्द, ब्रिटिश बाजारपेठेची नव्या नावाची भूक आणि संकलकाची निवड, या तिन्हींचा मेळ तेथे बसला.

शेफील्डच्या वॉर्प या लेबलने 1992 मध्ये काढलेल्या ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या संकलनाने त्यापुढचे पाऊल टाकले. त्याने ऐकण्याची रीतच सुचवली. वेष्टनावर आरामखुर्चीत रेललेला यंत्रमानव असून त्याच्याभोवती पिंक फ्लॉइड आणि क्राफ्टवेर्क यांच्या ध्वनिमुद्रिका पसरलेल्या आहेत. जे संगीत तोवर नाचण्यासाठी असते असे समजले जाई, ते घरी बसून एकाग्रतेने ऐकावे, अशी सूचना या चित्रातच होती. आत डाइस मॅन या नावाखाली रिचर्ड डी. जेम्स होता, अप या नावाखाली रिची हॉटिन होता, ऑटेकर आणि स्पीडी जे हेही होते. इंग्लंड, कॅनडा आणि नेदरलँड्स येथील या मंडळींना एका सूत्रात ओवणारी गोष्ट म्हणजे संपादकाची दृष्टी. त्यांतील अनेकांच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिका याच नावाच्या मालेत पुढे निघाल्या, म्हणजे संकलनाने केलेले विधान लेबलने नंतरच्या प्रकाशनांनी सिद्ध करून दाखवले.

हिपहॉपच्या बाजूला हेच काम न्यूयॉर्कच्या रॉकस या लेबलने 1997 च्या ‘साउंडबॉम्बिंग’ने केले. तो काळ झगझगीत चित्रफिती आणि ऐश्वर्याचे प्रदर्शन करणाऱ्या रॅपच्या भरभराटीचा होता. रॉकसने आपल्या बारा इंची सिंगल्समधील रचना डीजे इव्हिल डी याच्याकडून सलग गुंफून घेतल्या. त्यात मॉस डेफ आणि तालिब क्वेली हे रॅपर आणि कंपनी फ्लो हा गट यांचा समावेश होता. त्यांच्या शैली परस्परांपासून बऱ्याच दूर असूनही एकाच प्रवाहात ऐकल्यामुळे त्या एका पक्षाच्या वाटू लागल्या. गंमत अशी की व्यवस्थेबाहेरचा आवाज म्हणून गाजलेल्या या लेबलला जेम्स मर्डॉक यांचे, म्हणजे माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक यांच्या चिरंजीवांचे, आर्थिक पाठबळ होते. कंपनी फ्लोचा एल-पी लवकरच रॉकसपासून वेगळा झाला, त्याने डेफिनिटिव्ह जक्स हे लेबल उभारले आणि 2001 मध्ये आपल्या घराची ओळख करून दिली तीही ‘डेफिनिटिव्ह जक्स प्रेझेंट्स’ या संकलनानेच. त्याच्या कर्कश, सिंथेसायझरने भारलेल्या ध्वनीत हिपहॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीत यांचे जुने नाते पुन्हा उघड झाले.

अर्थात निवड म्हटली की वगळणे आलेच, आणि नाव दिले की त्या नावाचे ओझेही आले. ‘इंटेलिजन्स’ या शब्दावरून पुढे ‘बुद्धिमान नृत्यसंगीत’ अशा अर्थाची संज्ञा रूढ झाली आणि तिच्या पोटात एक अन्याय दडलेला होता: घरी बसून ऐकायचे संगीत बुद्धिमान ठरले, तर ज्या कृष्णवर्णीय तरुणांनी नाचत्या शरीरांसाठी हा सारा ध्वनिविचार रचला, त्यांची बुद्धी कोठे गेली? शिकागोत नृत्याच्या चुरशीच्या सामन्यांसाठी मिनिटाला सुमारे 160 ठोक्यांच्या गतीने रचले जाणारे ‘फुटवर्क’ संगीत प्लॅनेट मू या ब्रिटिश लेबलने 2010 मध्ये ‘बँग्स अँड वर्क्स’ या संकलनातून जगापुढे आणले, तेव्हाही दूरच्या श्रोत्याला ध्वनी मिळाला, पण ज्यांच्या पावलांना उत्तर म्हणून तो जन्मला ते नर्तक त्याला दिसले नाहीत. संकलन रचनेला तिच्या जागेवरून उचलते; त्याशिवाय ती दूर पोहोचत नाही, आणि उचलल्यावर ती पूर्वीची राहत नाही.

मराठी वाचकाला हा व्यवहार अपरिचित नाही. परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी 1854 मध्ये सिद्ध केलेल्या ‘नवनीत’ या वेच्यांच्या ग्रंथाने शिकलेल्या पिढ्यांपुढे जुन्या मराठी कवितेचा एक नकाशा ठेवला, आणि त्या नकाशात जे नव्हते ते पुष्कळांच्या दृष्टीने कवितेतही नव्हते. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाचा 1909 चा अंक पहिला दिवाळी अंक मानला जातो. तेव्हापासून दिवाळी अंक हेही संकलनच आहे. ज्याचे नाव पाहून अंक घेतला त्या लेखकाशेजारी, ज्याचे नाव कधी ऐकले नव्हते असा लेखक वाचकाला भेटतो, आणि ही भेट संपादकाने घडवलेली असते. लेबलचे संकलन ऐकणाऱ्याचा अनुभव याहून निराळा नाही.

आता रचनांची यादी संगणकीय सूत्र तयार करते आणि श्रोत्याच्या पूर्वीच्या आवडीवरून पुढची आवड ताडते. या यादीत अनोळखी नावे विपुल असतात, आणि अंडरग्राउंड संगीत आज पूर्वी कधी नव्हते इतके सहज मिळते, हा लाभ नाकारता येणार नाही. पण सूत्राची निवड श्रोत्यागणिक बदलते, त्यामुळे तिच्यावर दोघांना वाद घालता येत नाही. ‘इंटेलिजन्स’ हा शब्द खटकला तर तो वॉर्पच्या पदरात घालता येतो, फुटवर्कचे नर्तक दिसले नाहीत तर प्लॅनेट मूला जाब विचारता येतो. चुकीच्या निवडीलाही कर्ता असतो, म्हणूनच तिला उत्तर म्हणून दुसरे संकलन निघू शकते, आणि शैलींचा इतिहास अशा उत्तरांनीच पुढे सरकला आहे. तबकडीच्या मध्यावरचा तो गोल कागद मालकी सांगण्यासाठी चिकटवला गेला असेल. श्रोत्याच्या लेखी मात्र तो दोष कोणाला द्यायचा आणि आभार कोणाचे मानायचे, याचा पत्ता ठरला.