शेवटचं पान वाचून पेपर लिहिणाऱ्यांना

बसा. आपापले पेपर घ्या, आणि शेजाऱ्याचे मार्क बघायला मान वळवू नका. बघण्यासारखं कोणाच्याच पेपरावर काही नाही.

विषय मी फळ्यावर लिहून दिला होता: एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कथा-कादंबरीतलं बाईचं स्वातंत्र्य आणि लग्न. तुम्ही काय केलंत? प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं पान उघडलंत, नायिकेचं लग्न लागलं की नाही ते पाहिलंत आणि निकाल देऊन मोकळे झालात. लागलं, तर 'शरणागती'. नाही लागलं, तर 'मुक्ती'. जीव दिला, मग तर विचारायलाच नको, 'महामुक्ती'! अहो, सोयरीक जुळवणारी मंडळीसुद्धा याहून जास्त चौकशी करतात. कमाई किती, घर कोणाच्या नावावर, डोक्यावर कर्ज आहे का, एवढं तरी विचारतात. तुम्हाला तेवढंही सुचलं नाही.

'लिटल विमेन'पासून सुरुवात करू. शांताबाई शेळक्यांनी हे पुस्तक 'चौघीजणी' म्हणून मराठीत आणलेलं आहे, त्यामुळे इंग्रजी जड गेलं ही सबब माझ्यापुढे चालणार नाही. निम्म्या वर्गानं लिहिलंय की जो मार्च प्रकाशकासमोर बसते, आपल्या कादंबरीतल्या नायिकेचं लग्न लावण्याच्या बदल्यात मानधनावर घासाघीस करते आणि पुस्तकाचे हक्क स्वतःकडे ठेवते. कुठल्या पानावर? दाखवा मला. तो प्रसंग ग्रेटा गर्विगच्या 2019 च्या सिनेमातला आहे. हक्क स्वतःकडे ठेवले ते लुइसा मे ऑल्कटनं, जो मार्चनं नव्हे. लेखिका आणि पात्र यांतला फरक एम.ए.ला समजावून सांगावा लागतो!

आणि जे पुस्तकात आहे ते कोणाच्याच नजरेस पडलं नाही. जोच्या कथेला शंभर डॉलरचं बक्षीस मिळतं, त्यातून आई आणि आजारी बहीण बेथ हवापालटाला समुद्रकाठी जातात. पुढच्या कथांच्या पैशांतून खाटकाचं बिल भागतं, नवा गालिचा येतो, वाणसामान आणि कपडे येतात. कुठल्या कथेनं घरातला कुठला खर्च भागवला याचा हिशोबच ऑल्कट देते. तिला हे ठाऊक होतं, कारण स्वतःचं घर तिनं याच रीतीनं चालवलं होतं. ए. एम. बर्नार्ड या टोपणनावानं ती भडक कथा लिहीत असे. आता पुढचं बघा. जोचं पुढे ज्यांच्याशी लग्न होतं ते प्रोफेसर भाएर असल्या कथांना नाक मुरडतात आणि जो आपल्या कथा शेगडीत घालते. तुमचा 'शरणागती' हा शब्द वापरायचाच होता, तर इथे वापरायचा होतात. लग्नाला अजून कितीतरी पानं अवकाश आहे. लग्न ठरतं त्या छत्रीखालच्या प्रसंगात मात्र ती भाएरना बजावते की घरखर्चाचा माझा वाटा मी कमावणार, हे कबूल असेल तरच पुढे बोला. लग्नानंतर जोची शाळा निघते ती प्लमफील्डमध्ये, आणि प्लमफील्ड मार्च आत्यानं जोला ठेवलेलं आहे, जावईबापूंना नव्हे. मॅसॅच्युसेट्समध्ये 1855 च्या कायद्यानं लग्न झालेल्या बाईला स्वतःची मिळकत आणि कमाई स्वतःकडे ठेवता येत होती. हे जोडलंत कोणी? 1868 मध्ये पहिला भाग आल्यावर वाचक मुलींनी पत्रांमधून एकच धोशा लावला, कोणाचं लग्न कोणाशी? ऑल्कट वैतागली होती. तुमचे पेपर वाचून मला तिच्या वैतागाची पुरती कल्पना आली.

कायद्याचं नाव काढलंय तर ते पुरतं ऐका. इंग्रजांकडून आलेल्या रिवाजात लग्न झालं की बाईची कायद्यातली स्वतंत्र ओळख नवऱ्याच्या ओळखीत विरघळून जायची. याला कव्हर्चर म्हणत. तिची मजुरी त्याची, करार तिला स्वतःच्या नावानं करता येत नसे. न्यूयॉर्क राज्यात 1848 साली मिळकतीचा हक्क मिळाला, स्वकष्टाच्या कमाईचा मिळायला 1860 उजाडलं. ही सालं पाठ करून परीक्षेत ओकायची नाहीत, त्यांच्या उजेडात पुस्तक वाचायचं. फॅनी फर्नची 'रूथ हॉल' 1855 ची. तिच्यात शेवटी रूथच्या नावाचं बँकेच्या शंभर शेअरचं प्रमाणपत्र चक्क पानावर छापलेलं आहे. तुम्ही लिहिलंत, 'रूथ लग्न करत नाही म्हणून ती स्वतंत्र.' अहो, ती विधवा आहे! नवरा हॅरी वारलाय, म्हणून तिची कमाई तिची. आणि फॅनी फर्न स्वतः? तिनं 1856 मध्ये जेम्स पार्टनशी तिसरं लग्न केलं, पण आधी करार लिहून घेतला की माझी कमाई माझ्याकडेच राहील. बसवा हिला तुमच्या दोन खणांत कुठे बसते ते.

आता एडना. केट चोपिनच्या 'द अवेकनिंग'वर (1899) सगळ्यांनी पानंच्या पानं खरडली आहेत. समुद्र, पक्षी, आत्म्याचा हुंकार. एडना नवऱ्याचं घर सोडून कोपऱ्यावरच्या छोट्या घरात राहायला जाते, ती कशाच्या जोरावर? हे ती स्वतः सांगते. आईच्या मिळकतीतले पैसे, तेही वडील हप्त्या-हप्त्यानं धाडतात ते. घोड्यांच्या शर्यतीत जिंकलेली रक्कम. आणि नुकती विकली जाऊ लागलेली चित्रं. एक पैसा बापाच्या हातचा, दुसरा नशिबाचा आणि तिसरा कुठे आता सुरू होतोय. त्यात हे लुइझियाना, फ्रेंच वळणाच्या कायद्याचं राज्य, संसाराच्या सामाईक मिळकतीचा कारभारी नवरा. नवऱ्याला, लेओंसला, बायको गेल्याचं दुःख कितपत होतं कोण जाणे. त्याला धास्ती पडते ती लोक आपल्याला कंगाल समजतील याची. म्हणून तो वर्तमानपत्रात बातमी देतो की आमच्या वाड्याची दुरुस्ती चालू आहे आणि आम्ही परदेशी जाण्याच्या विचारात आहोत. असं खवचट पान दुसरं सापडायचं नाही, आणि त्यावर तुमची एक ओळ नाही. एडनाची मुलं सांभाळणारी मिश्रवर्णीय दाई आहे, तिला तर कादंबरीत नावसुद्धा नाही. एडनाला चित्रं काढायला वेळ मिळतो तो कोणाच्या हातांमुळे, हे विचारल्याशिवाय 'स्त्रीमुक्ती' हा शब्द लिहायचा नाही. आणि त्याआधी, गुलामगिरीच्या काळात, गुलाम बायकांच्या लग्नाला तर कायद्याच्या लेखी अस्तित्वच नव्हतं. गुलामगिरीतून सुटलेल्या हॅरिएट जेकब्सचं 1861 चं आत्मकथन कादंबरी नाही, मान्य. पण आपली गोष्ट रिवाजाप्रमाणे लग्नात न संपता सुटकेत संपते, हे ती वाचकाला मुद्दाम ऐकवते. ते वाचलं असतंत, तर 'अमेरिकन स्त्री' असं एकवचन तुमच्या लेखणीतून उतरलं नसतं.

मेरी विल्किन्स फ्रीमनची 'द रिव्होल्ट ऑफ मदर' तुम्ही एका वाक्यात उडवलीत. का, तर सॅरा पेन शेवटपर्यंत नवऱ्याजवळच राहते! चाळीस वर्षांपूर्वी नवऱ्यानं नवं घर बांधायचं वचन दिलेलं, आणि नेमक्या त्याच जागेवर गुरांसाठी नवा गोठा उठवतो. तो घोडा घ्यायला परगावी जातो, आणि ही बाई चुलीपासून अंथरुणापर्यंत सगळा संसार त्या गोठ्यात हलवते. घोड्यांच्या सामानाची खोली झाली स्वयंपाकघर. गावचा पाद्री समजूत घालायला येतो, त्याला ती वाटेला लावते. घटस्फोट नाही, भाषण नाही. नवरा परत येतो आणि रडतो. याला तुम्ही 'तडजोड' म्हणालात. एकदा चुलीसकट घर हलवून बघा, मग म्हणा.

राहिला तो तुमचा लाडका समारोप, की त्या काळी अमेरिकन स्त्री स्वतंत्र होती आणि आपल्याकडची अंधारात होती. सारा ऑर्न ज्युएटची 'अ कंट्री डॉक्टर' 1884 ची. तिच्यातली नॅन प्रिन्स डॉक्टर होण्यासाठी लग्न नाकारते, कारण दोन्ही एकत्र जमणार नाही असं तिला वाटतं. त्याच साली आनंदीबाई जोशी, लग्न झालेली बाई, फिलाडेल्फियात वैद्यक शिकत होत्या; 1886 मध्ये पदवीधर झाल्या. याचा अर्थ आपण पुढे होतो असा मुळीच नाही, त्यांचे पती गोपाळराव यांचा जाच काही लपलेला नाही. अर्थ एवढाच की तुमचा तक्ता खोटा आहे. पंडिता रमाबाई त्या पदवीदान समारंभाला हजर होत्या. त्यांचं 1889 चं अमेरिकेवरचं पुस्तक मराठीतच आहे. तिथल्या बायकांच्या संस्थांचं कौतुक आणि त्यांना नाकारलेल्या हक्कांची नोंद, दोन्ही एकाच पुस्तकात करण्याइतका त्यांचा डोळा शाबूत होता.

पेपर पुन्हा लिहायचा. या वेळी पुस्तक मी ठरवते: हेन्री जेम्सची 'वॉशिंग्टन स्क्वेअर'. छोटी आहे, रडू नका. कॅथरीन स्लोपरला आईकडून वर्षाला दहा हजार डॉलर मिळतात, बापाकडून त्याच्या जवळजवळ दुप्पट यायचे आहेत. तिला मागणी घालणाऱ्या मॉरिस टाउनसेंडला त्यातले किती पुरतात, आणि बाप मृत्युपत्रात काय बदलतो, इथून सुरुवात करा. लग्न होतं की नाही हे ज्यानं पहिल्या परिच्छेदात लिहिलं, त्याचा पेपर मी पुढे वाचणार नाही.