पाहिलेलं आणि मानलेलं

8 जून 1783 रोजी दक्षिण आइसलँडमधल्या लाकी इथे जमीन भेगाळली आणि लाव्हा वाहू लागला. हा उद्रेक आठ महिने चालला. विषारी वायू, चाऱ्यावर बसलेली राख आणि मागून आलेला दुष्काळ यांत देशाची सुमारे एक पंचमांश माणसं मेली. जवळच्या चर्चचे धर्मगुरू योन स्टेइनग्रिम्सन यांनी हे सारं लिहून ठेवलं.

त्यांच्या मते हा ईश्वरी कोप होता. 20 जुलैला लाव्हा चर्चच्या दिशेने सरकत असताना त्यांनी प्रार्थना घेतली. लाव्हा अलीकडेच थांबला आणि देवाने हाक ऐकली, असं त्यांनी मानलं. आजचा भूशास्त्रज्ञ हे कारण स्वीकारणार नाही. पण लाव्हा कोणत्या दिवशी कुठवर आला होता, हे त्याला योन यांच्याकडूनच कळतं. अशा नोंदी राखेच्या थरांशी ताडूनच थोर्डारसन आणि सेल्फ या संशोधकांनी उद्रेकाचा क्रम लावला. जनावरांच्या हाडांवर आणि सांध्यांवर उठलेल्या गाठीही योन यांनी टिपल्या. फ्लोरीन वेगळा काढला गेला तो 1886 मध्ये. तरीही त्यांच्या वर्णनातून आज फ्लोरीनची विषबाधा ओळखता येते.

तिकडे इंग्लंडमध्ये निसर्गअभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी 23 जून ते 20 जुलै या काळातली, याच उद्रेकामुळे पसरलेली धुरकट हवा आणि भर दुपारचा निस्तेज सूर्य नोंदवला. ग्रीनलँडच्या बर्फात अडकलेलं सल्फेट त्या उद्रेकाची ताकद सांगतं. पण एखाद्या गावावर कोणत्या दिवशी काय गुदरलं, हे बर्फ सांगू शकत नाही.

लिखित साक्षीलाही मर्यादा आहेत. लिहिता येणाऱ्यांनीच ती लिहिली, आणि भुकेने मेलेल्यांची बाजू तीत क्वचितच येते. तरी तिचं मोल कळायला सह्याद्रीकडे पाहावं. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्या लाव्हांवर आपण राहतो, त्यांना मानवी साक्षीदारच नव्हता. त्या थरांची जाडी मोजता येते, पण त्या काळातला एकही दिवस डोळ्यांपुढे उभा राहत नाही.

योन यांनी मत लपवलं नाही, आणि मतासाठी पाहिलेलं वाकवलंही नाही. त्यांचं मत काळाने मागे टाकलं, निरीक्षण मात्र टिकलं. पूर, अवर्षण, गारपीट यांच्या नोंदी आज आपण करतो, तेव्हा हाच कस लावायला हवा. कारणाबद्दल आपण चुकू शकतो. तारीख, ठिकाण आणि डोळ्यांनी दिसलेलं प्रामाणिकपणे लिहिलं, तर आपली चूक दुरुस्त करण्याचं साधन आपणच पुढच्यांच्या हाती देतो.