आगोटीची बेगमी

मे महिन्याचा उत्तरार्ध उजाडला, की आमच्या कर्जत-खालापूरकडील घरांतून आगोटीची लगबग सुरू होत असे. पावसाळ्यात उल्हास आणि पाताळगंगा दुथडी भरून वाहणार, वाटा चिखलात बुडणार, हे सर्वांना ठाऊक असे. म्हणून कणगीत भात, मडक्यात मीठ, टोपलीत सुकी मासळी आणि पडवीत लाकूडफाटा अशी बेगमी केली जाई. माझी आजी कणगी शेणाने लिंपता लिंपता म्हणे, "आषाढात कुणी पायलीभर मागायला आलं, तर 'नाही' म्हणावं लागू नये, एवढं असू दे." तिच्या या बोलण्याचा अर्थ मला फार उशिरा उमगला.

पुढे खोपोलीच्या परिसरातील एका कारखान्यात मी खरेदी विभागात नोकरीस लागलो. त्या काळी भांडारात तीन-तीन महिने पुरेल इतका माल रचलेला असे. मग संगणक आले आणि त्यांच्या पाठोपाठ एक नवा विचार आला. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत जपानच्या टोयोटा कंपनीत ताइची ओनो यांनी तो रुजवला होता. हवी ती वस्तू, हवी तेव्हा आणि हवी तेवढीच आणावी. पडून राहिलेला माल म्हणजे अडकून पडलेला पैसा, असा तो विचार. आम्ही तो उत्साहाने स्वीकारला. तीन महिन्यांचा साठा मी एका आठवड्यावर आणला. वरिष्ठांनी पाठ थोपटली आणि ती शाबासकी मला मनापासून आवडली.

साठा मात्र नाहीसा झाला नव्हता. त्याने केवळ जागा बदलली होती. आम्हाला सुटे भाग पुरवणारा एक लेथवाला होता. दोन यंत्रे आणि चार माणसे एवढाच त्याचा संसार. आमचा निरोप गेला की दुसऱ्या दिवशी माल दारात हवा, म्हणून तो कच्चे लोखंड व तयार भाग आपल्या शेडमध्ये साठवू लागला, तेही बँकेचे कर्ज काढून. त्याची बिले आम्ही नव्वद-नव्वद दिवसांनी चुकती करीत होतो. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. परंतु मोठ्या गिऱ्हाइकाला कायदा दाखवणाऱ्याला पुढच्या वर्षी काम मिळत नाही, हे त्याला माहीत होते आणि मलाही.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. एरवी रात्रंदिवस घरघरणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ओस पडला. त्या लेथवाल्याला दिलेल्या सर्व ऑर्डरी मी संगणकावर काही क्षणांत रद्द केल्या. करारात तशी तरतूद होती. जूनमध्ये तो भेटायला आला. म्हणाला, "साहेब, माल तुमच्याच मापाचा आहे. तो मी दुसऱ्या कुणाला विकू?" मी त्याला चहा पाजला आणि करारातले कलम समजावून सांगितले. पुढच्या वर्षी त्याने यंत्रे विकून टाकली.

मी कुणाला फसवले नव्हते. खोटी सही केली नव्हती, लाच घेतली नव्हती. तरीही माझे मन मला निर्दोष ठरवीत नाही. धोका हा एखाद्या पोत्यासारखा असतो. एकाने ते खांद्यावरून उतरवले, की दुसऱ्याच्या खांद्यावर जाते. आणि बहुधा ज्याला नकार देणे परवडत नाही, त्याच्याच खांद्यावर. संगणक मला प्रत्येक बोल्टचा हिशोब देत होता. ते ओझे आता कोण वाहतो आहे, हे मात्र त्याच्या पडद्यावर दिसत नव्हते. आणि मीही ते विचारले नाही.

मग जुनेच सारे बरे होते काय? तसे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जुन्या भांडारांत माल गंजत होता, चोरीला जात होता. नव्या तंत्राने गरिबाचेही भले केले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात एकमेकांची शिधापत्रिका चालू लागली, ती संगणकाच्याच जोरावर. वीटभट्टीच्या कामासाठी गाव सोडणाऱ्या कातकरी कुटुंबाला जेथे काम तेथे शिधा मिळणे, ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय साठा माणसाला लोभीही बनवतो. टंचाईची वाट पाहत गोदामे भरणारे लोक आपण पाहिले आहेत.

परंतु साठेबाजी वेगळी आणि बेगमी वेगळी. धान्य तेच असेल, कणगीही तीच असेल. साठेबाज दुसऱ्याच्या अडचणीची वाट पाहतो. बेगमी करणारा त्या अडचणीसाठी आधीच तजवीज करतो. कर्जत तालुक्यातच याचे उदाहरण आहे. कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने १९८० च्या दशकात आदिवासी पाड्यांवर धान्य बँका सुरू केल्या. पावसाळ्याच्या उपासमारीत सावकाराकडे जाण्याऐवजी तेथून धान्य उसने घ्यायचे आणि सुगीनंतर थोडी भर घालून परत करायचे. पुढे १९९६-९७ मध्ये केंद्र शासनानेही ग्राम धान्य बँकांची योजना आणली. ते धान्य वर्षातले कित्येक महिने नुसते पडून असे. माझ्या हिशोबाच्या वहीत ते 'अडकलेला पैसा' म्हणूनच नोंदले गेले असते.

गंमत अशी, की खुद्द टोयोटानेही हा धडा गिरवला. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर या कंपनीने आपल्या काही पुरवठादारांना इलेक्ट्रॉनिक चिपांचा काही महिने पुरेल असा साठा ठेवायला लावला. २०२१ मध्ये जगभर चिपांचा तुटवडा पडला, तेव्हा प्रारंभी तरी तिला इतरांइतकी झळ लागली नाही. साठा ठेवण्यात कमीपणा नाही, हे तिला कळले. त्या साठ्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न मात्र प्रत्येक कारखान्यापुढे आजही उभा आहे.

त्याचे उत्तर फार अवघड आहे असे मला वाटत नाही. ज्याच्या सोयीसाठी माल ठेवायचा, त्याने त्या खर्चाचा वाटा उचलावा. बिले वेळेवर द्यावीत. संकटात ऑर्डर रद्द करण्यापूर्वी समोरच्याची शेड एकदा पाहून यावी. यांतले काहीही माझ्या अधिकाराबाहेरचे नव्हते. निदान तसे सुचवणे तरी माझ्या हाती होते.

आता निवृत्तीनंतर कधीकधी मी संध्याकाळी कर्जत स्थानकावर जाऊन बसतो. पुण्याकडे निघालेली गाडी थांबते आणि बोरघाट चढण्यासाठी तिच्या पाठीमागे जादा इंजिने जोडली जातात. सपाटीवर ती निरुपयोगी वाटतील. पण रेल्वे ती पदरी ठेवते आणि त्यांचा खर्चही स्वतःच सोसते; तो डब्यातल्या एखाद्या उतारूवर टाकीत नाही. गाडी हलते, मागची इंजिने रेटा देतात, आणि मला तो लेथवाला आठवतो.