रसकापूर आणि देहाचा प्रश्न

माधवाचार्यांनी चौदाव्या शतकात सर्वदर्शनसंग्रहात ज्या दर्शनांची मांडणी केली, त्यांत रसेश्वरदर्शनही आहे. परंतु वेदान्ताच्या अभ्यासात रमलेल्या आपल्या वाचकवर्गाचे लक्ष त्याच्याकडे क्वचितच जाते, याची मला खंत वाटते. देह पडल्यानंतरचा मोक्ष कोणी पाहिला, ही अत्यंत प्रामाणिक शंका या दर्शनाने उपस्थित केली. तळहातावरच्या आवळ्याप्रमाणे जे प्रत्यक्ष नाही त्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून पाऱ्याच्या योगाने आधी देह स्थिर करावा आणि जिवंतपणीच मुक्त व्हावे, हा त्यांचा सिद्धान्त. देहाला तुच्छ न लेखणारा हा विचार मला मनापासून आदरणीय वाटतो. मात्र साधक जो पारा स्वतःच्या देहावर स्वेच्छेने आजमावतो, तोच वैद्य रोग्याला देतो, तेव्हा प्रश्नाचे स्वरूपच पालटते.

रोग्याला मिळणाऱ्या या पाऱ्याचे उदाहरण म्हणून वऱ्हाड घ्या. तो मुलूख निजामाच्या अमलाखाली होता आणि 1853 च्या तहाने इंग्रजांच्या हवाली झाला. वैद्याचा रसकर्पूर, हकिमाचा रसकपूर आणि इंग्रजी दवाखान्यातले कॅलोमेल ही तिन्ही नावे अशा मुलखाच्या वाट्याला आली, आणि ती बव्हंशी एकाच वस्तूची होती: पारा आणि क्लोरीन यांचा संयोग. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात त्याची कृती आहे. गेरू, विटेची पूड, तुरटी, सैंधव, वारुळाची माती यांच्यासह पारा मडक्यात घालून, तोंड लिंपून, दीर्घकाळ आच द्यावयाची. मग वरच्या मडक्याच्या पोटाशी कापरासारखा शुभ्र, पण हाताला विलक्षण जड असा थर बसतो. चुन्याच्या निवळीत त्याची चिमूट टाकली असता ती काळी पडली, तर ते सौम्य कॅलोमेल. पिवळसर साका उमटला, तर त्यात दाहक असे दुसरे क्लोराइड मिसळले आहे, जे थोडक्या मात्रेतही प्राण घेऊ शकते. भट्टीतून ही दोन्ही किती प्रमाणात उतरतील याची शाश्वती नसे, आणि निव्वळ कॅलोमेलही उन्हात राहिले तर हळूहळू पारा आणि ते दाहक क्लोराइड यांत विघटित होते.

फिरंगरोगावर, म्हणजे उपदंशावर, हे औषध गव्हाच्या कणकेच्या गोळीत लपवून, दातांना न लागू देता गिळावे, असे भावप्रकाशाचा कर्ता भावमिश्र सांगतो. म्हणजे त्याने तोंडाची आग, हिरड्यांची सूज पाहिली होती. जो अपाय पाहतो आणि लिहून ठेवतो, त्या वैद्याला मी अंधश्रद्ध म्हणणार नाही. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी 1896 मध्ये पाऱ्याचे एक नवे नायट्राइट प्रसिद्ध केले आणि 1902 मध्ये हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड छापला. त्यांनाही या जुन्या रसवैद्यांच्या प्रयोगशीलतेविषयी आदर होता. तथापि युरोपातील वैद्यांनी रोग्याच्या तोंडातून वाहणारी लाळ म्हणजे रोग बाहेर पडण्याची खूण मानली. विषबाधेचे लक्षण आरोग्याचे लक्षण म्हणून वाचले गेले, आणि ते वाचणारे बेइमान नव्हते. ज्या औषधावर त्यांची पूर्ण निष्ठा होती, त्याविरुद्ध रोग्याचा देह देत असलेली साक्ष त्यांना साक्ष म्हणून ऐकूच आली नाही. दात येणाऱ्या तान्ह्यांच्या पुडीतही कॅलोमेल असे. मुलांचे हातपाय गुलाबी होऊन दुखत, ती अखंड रडत, आणि तो एक निराळाच रोग समजला जाई; पाऱ्याशी त्याचा संबंध 1940 नंतरच्या दशकात उघड झाला आणि ब्रिटनमध्ये 1954 साली त्या पुड्यांतून पारा काढला गेला. त्या मुलांनी ना अमरत्व मागितले होते, ना मोक्ष.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. रससिद्धी आणि कायासाधना यांची परंपरा नाथपंथाशी घट्ट जोडलेली. त्याच पंथाची दीक्षा गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि त्यांच्याकडून ज्ञानेश्वरांना मिळाली. कुंडलिनी जागी झाल्यावर योग्याची काया कशी नवी, तेजस्वी होते, याचे ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात इतके तपशीलवार वर्णन करणाऱ्या ज्ञानेश्वरांनी 1296 मध्ये, ऐन तारुण्यात, आळंदीला समाधी घेतली. देहाचे सामर्थ्य त्यांना ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू शकणार नाही. देह टिकणे ही मुक्तीची अट नव्हे, एवढाच त्यांच्या आचरणाचा अर्थ मला लावता येतो. रसेश्वरवाद्यांची शंका त्यामुळे खोटी ठरत नाही. प्रत्यक्षाचा आग्रह त्यांनी धरला तो योग्यच होता. परंतु रसग्रंथांनी आधी धातूवर आणि मग देहावर अशी परीक्षेची जी रीत सांगितली, तिच्यात रोग्याच्या तक्रारीचे प्रत्यक्ष दप्तरी दाखल करण्याची सोय नव्हती. आजही रसौषधी देणाऱ्या वैद्याने ग्रंथातील वचनाशेजारी ती तक्रार तितक्याच निष्ठेने लिहून ठेवावी, असे मला वाटते, आणि त्यात रसेश्वरदर्शनाच्या मूळ आग्रहाशी विसंगत असे काहीही नाही.