तोल

परवा मुलुंड स्टेशनच्या पुलावरून उतरताना मी वडिलांचा दंड धरला. वडिलांचे वय ७६. मागे न पाहताच, चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "हात सोड!" मी सोडला. उरलेल्या पायऱ्या ते कठडा धरून उतरले, आणि मी हात अर्धवट पुढे करून त्यांच्या मागे. पाहणाऱ्याला वाटले असते, हा गृहस्थ म्हाताऱ्याचा खिसा कापायला निघाला आहे.

त्या रात्री मला झोप येईना. चुकले कोणाचे?

उभे राहणे आपल्याला फुकटचे वाटते. खरे पाहता उभा माणूस क्षणोक्षणी कलत असतो आणि सावरत असतो. डोळे, कानाच्या आतल्या त्या इवल्या नळ्या, आणि पायांचे तळवे व सांधे हे तीन खबरे मेंदूला बातमी पुरवतात. वयाबरोबर तिघेही मंदावतात. पोटऱ्यांतले बळ घटते आणि सावरायला निघालेला पाय क्षणभर उशिरा पोहोचतो. मग सारी भिस्त डोळ्यांवर. म्हणून म्हातारी माणसे रात्री अंधारात न्हाणीघराच्या वाटेवर पडतात. रोम्बर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहण्याची परीक्षा सांगून ठेवली. पाय जुळवून आमचा विठोबाही उभा आहे म्हणा. पण त्याला पडायची धास्ती नाही.

२०२२ साली ब्राझीलमधल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष छापून आला. ५१ ते ७५ वयाच्या १७०२ माणसांना एका पायावर १० सेकंद उभे केले, तर पाचांतल्या एकाला ते जमले नाही. मी स्वयंपाकघराचे दार लावून प्रयोग केला. माझे वय ४७. उजवा पाय पास झाला. डाव्याने सातव्या सेकंदाला डब्यांची फळी गाठली! लहानपणी मास्तर आम्हांला तासभर अंगठे धरायला नाहीतर एका पायावर उभे करीत, तेव्हा ही परीक्षा आहे असे कोणाला वाटले होते?

तर मी हात धरला तो कशासाठी? वडील पडतील म्हणून, हे खरेच. पण ते पडले तर माझी रजा, इस्पितळ, बहिणीचे बोलणे हेही त्या पकडीत होते. माझी निम्मी माया म्हणजे माझीच भीती होती. शिवाय सतत धरलेला माणूस तोल सांभाळायचा विसरतो. सराव ठेवला तर म्हातारपणीही तो सुधारतो, असे डॉक्टर सांगतात. दुसऱ्या बाजूने पाहावे, तर खुब्याचे हाड मोडले की पुष्कळ जण पूर्वीसारखे चालत नाहीत, आणि उचलायचे मलाच असते. मग पडण्याचा हक्क एकट्या वडिलांचा कसा?

मला सायकल शिकवताना त्यांनी कॅरियर धरले होते. ते केव्हा सोडले, हे मला सांगितलेच नाही. मी गुडघा फोडून घेतला. खूण अजून आहे. त्यांनी न विचारता सोडले, मी न विचारता धरले. फरक इतकाच की, माझा गुडघा भरून आला.

काल पुन्हा तोच पूल. मी काही न बोलता त्यांच्यापुढे एक पायरी खाली चालू लागलो. अर्ध्या जिन्यावर वडील म्हणाले, "पुढे चालतोयस ते ठीक आहे. पण सारखा मागे वळून बघू नकोस. पडशील."