वेतनाचे माप

मुलुखाबाहेर सरकारी नोकरी करणाऱ्या आम्हां मराठी मंडळींच्या बैठकीत बदली आणि महागाई यांच्या जोडीला वेतन आयोगाची चर्चा ठरलेलीच असते. आपल्या श्रेणीची शेजारच्या खात्याच्या श्रेणीशी तुलना करण्यात आम्ही तरबेज आहोत. तथापि हीच तुलना सैनिकापर्यंत पोहोचली, की आमचे माप अपुरे पडते. ते का अपुरे पडते, हा केवळ हिशेबाचा नव्हे, नीतीचा प्रश्न आहे.

१९७३ साली अहवाल देणाऱ्या तिसऱ्या केंद्रीय वेतन आयोगाच्या कक्षेत सैन्यदले प्रथमच आली. तोवर त्यांच्या वेतनाचा विचार स्वतंत्रपणे होत असे. एकाच सरकारच्या नोकरांना एकाच आयोगाने जोखावे, ही कल्पना वरवर समतेची दिसते. परंतु समता म्हणजे समान स्थितीतील माणसांना समान वागणूक. आमची आणि सैनिकाची स्थिती समान आहे काय?

मुलकी कर्मचाऱ्यांना संघटना आहेत. १९६६ पासून संयुक्त सल्लागार यंत्रणेत त्यांचे प्रतिनिधी सरकारशी वाटाघाटी करतात. उलट, संविधानाचे ३३ वे कलम सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेस देते आणि १९५० च्या सेना कायद्यानुसार त्यांच्या संघटना-स्वातंत्र्यावर निर्बंध आहेत. सैनिकास कायदेशीर आज्ञा नाकारता येत नाही, संपही करता येत नाही. म्हणजे ज्याला मागता येत नाही त्याचे मोल, ज्यांना मागता येते त्यांच्या मापाने ठरते.

यावर कोणी म्हणेल, की सहाव्या आयोगापासून सैनिकांना वेगळे सैन्यसेवा वेतन मिळते आहेच. मिळते खरे, सातव्या आयोगाने ते जवानास दरमहा ५,२०० रुपये व ब्रिगेडियरपर्यंतच्या अधिकाऱ्यास १५,५०० रुपये सुचविले. २०१७ साली सियाचीनचा भत्ता वाढला, तेव्हा जवानास ३०,००० आणि अधिकाऱ्यास ४२,५०० रुपये ठरले. जबाबदारीनुसार पगार निराळा असावा, हे समजते. परंतु हिमदंश हुद्दा पाहून होत नाही. त्यागाचीही प्रतवारी करावी काय, हा प्रश्न आमच्या श्रेणीबद्ध चौकटीत कोणाला सुचतही नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. सीमा सुरक्षा दलाचे व केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवानही प्राण देतात. कायद्याने त्यांच्याही संघटनेच्या हक्कावर बंधने आहेत. मग त्यांचे काय? आमचे उत्तर असे, की त्यांनाही या निराळ्या मापाचा लाभ द्यावा. एकावरील अन्याय हे दुसऱ्याचा न्याय रोखण्याचे कारण होऊ शकत नाही.

अर्थात सैन्याने स्वतःचे वेतन स्वतः ठरवावे, असे आम्ही म्हणत नाही. लोकशाहीत अंतिम शब्द लोकप्रतिनिधींचाच असला पाहिजे. ब्रिटनमध्ये १९७१ पासून सैन्यदलांच्या वेतनासाठी स्वतंत्र मंडळ आहे. ते सरकारला सल्ला देते, निर्णय सरकार घेते. तसे मंडळ आपल्याकडे का नसावे?

शौर्याचे मोल पैशात होत नाही, असे आपण मोठ्या आदराने म्हणतो; परंतु त्या आदराआड काटकसर लपता कामा नये. सैनिक आपली बाजू चव्हाट्यावर मांडू शकत नाही. तेव्हा आमचे माप त्याला लावू नका, हे सांगण्याचे कर्तव्य आम्हां मुलकी नोकरांवरच येऊन पडते.